अंगणातली अर्धवट जीप

सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे नाशिकला गाड्यांचं वेड नवं नाही. जुनी जीप आणायची, कापायची, रुंद टायर लावायचे. पैसे संपले की वर ताडपत्री! आम्ही बायका मग तिच्यावर पापड वाळवतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेबाहेरचे बदल चालू देत नाही, त्यामुळे ती पुन्हा रस्त्यावर येणं अवघडच. मग चाकं, सीट, गिअरबॉक्स सुटे विकले जातात. पण आरसी? ती पुष्कळदा आपल्याच नावावर असते. गाडी कायमची निकामी झाली, की कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत किंवा होईल तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायची. चासी भंगारात जाण्याआधीच हे उरका. नंबर आपला असतो, उद्या तो दुसऱ्याच गाडीवर फिरला तर विचारणा आपल्या दारात येते.