यंत्र कुरकुरतंय, ऐकताय ना?

मी बचत गटांची समन्वयक. आज वहीतल्या हिशेबावर नाही, यंत्राच्या आवाजावर बोलायचं आहे.

आमच्या एका गटाने गावातल्या वेल्डरकडून कोळपणी यंत्र बनवून घेतलं. जुन्या मोटारसायकलचं शंभर सीसी इंजिन, चेन, चाक आणि मागे कोळप्याच्या पासा. सोयाबीनच्या कोळपणीला ते भाड्याने जातं. पहिल्या वर्षी ते टकटक करू लागलं. "जुनंच आहे, करणारच आवाज," म्हणून तसंच चालवलं. चौथ्या दिवशी भर शेतात इंजिन जाम! खोललं तर ऑइल जवळजवळ संपलेलं. पिस्टन-सिलिंडर गेलं, हंगामाची कमाई दुरुस्तीत गेली. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. तो बायांनी मजुरीतून भरला.

दुसऱ्या वर्षी खडखड सुरू झाली. मेकॅनिक न बघताच म्हणाला, "इंजिन खोलावं लागेल." गटातल्या एक काकू म्हणाल्या, "आधी आवाज कुठून येतो ते तर बघू."

मग आम्ही यंत्र मोकळ्या जागी उभं केलं, न्यूट्रलमध्ये चालू केलं आणि रेस वाढवली. खडखड नाही! म्हणजे इंजिनावरचा संशय कमी झाला. मग इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्येच, यंत्र हाताने ढकललं. खडखड आली! म्हणजे दोष चेन, स्प्रॉकेट किंवा चाकात. बंद यंत्राची चेन काडीने वर उचलून पाहिली, तर चांगली चार बोटं ढिली. ती साधारण दोन-तीन सेंटिमीटर हलावी. हादऱ्याने चाकाचा नट सैल होऊन चाक सरकलं होतं, चेन कव्हरवर आपटत होती. चाक सरळ केलं, चेन ताणली, नट आवळला. इंजिन खोलावं लागलं नाही.

एवढं लक्षात ठेवा. रेसबरोबर वाढणारा आवाज बहुधा इंजिनाचा, चाकाबरोबर वाढणारा चेन-चाकाचा. क्लच दाबल्यावर थांबला तर क्लच-गिअरबॉक्स बघायला सांगा. वरून शिवणयंत्रासारखी टिकटिक आली, तर टॅपेट तपासायचे. सायलेन्सरच्या जोडाशी फटफट-फुसफुस म्हणजे गॅस्केट फुटलं असेल. चाकाशी घरघर म्हणजे बेअरिंग. जोर पडल्यावर टणटण होत असेल, तर इंजिन तापलंय, थांबा. मोटारसायकलचं इंजिन पळताना वाऱ्याने गार होतं; शेतात ते हळू चालतं, वारा लागत नाही. म्हणून मधूनमधून विसावा द्या. आणि इंजिनाच्या तळातून जड ठकठक आली तर लगेच बंद करा. ती तास उरकायची वेळ नव्हे.

रोज सुरू करण्याआधी यंत्र सपाट जागी ठेवून ऑइल बघा. आमचं नुकसान दोन मिनिटांच्या या कामाने वाचलं असतं.

आणि जिवाला जपा. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, केस बांधा. चालू यंत्राच्या चेनजवळ हात नको. सायलेन्सर भाजतो. बंद खोलीत इंजिन चालवू नका, त्याचा धूर जीव घेतो.

आता आमच्या गटाच्या वहीत हिशेबामागे एक पान आवाजाचं आहे: कधी आला, गार असताना की तापल्यावर, कुठून आला, काय केलं. ते पान घेऊन गेलं की मेकॅनिकही नीट ऐकतो. "बायकांना यंत्रातलं काय कळतं?" असं विचारणाऱ्यासमोर काकू ती वहीच ठेवतात.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तुमच्याही वहीत असं एक पान काढा. गिरणी असो, कडबाकुट्टी असो, ती आधी कुरकुरते आणि मगच बंद पडते.