कळलावी : देखणी, औषधी, पण विषारी

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



श्रावणात सह्याद्रीच्या रानात करवंदीच्या जाळीवर चढलेली कळलावी आपण सर्वांनी पाहिली आहे. पाकळ्या बुडाशी पिवळ्या, टोकाला लालभडक. म्हणून तिला अग्निशिखा म्हणतात. कंद नांगराच्या आकाराचा, म्हणून संस्कृतात लांगली. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून पूर्वी कंद वापरत, त्यावरून कळलावी. हा उपाय आज कोणीही करू नये. त्यात जीव जाऊ शकतो.

या वेलीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात व बियांत, कोल्चिसीन हे विषारी द्रव्य असते. रताळे किंवा कणगर समजून कंद खाल्ल्यास काही तासांत उलट्या व जुलाब सुरू होतात. अशा वेळी घरगुती उपचारात वेळ घालवू नये. उरलेला कंद सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा.

हेच कोल्चिसीन योग्य मात्रेत संधिवाताच्या एका प्रकारावर, म्हणजे गाऊटवर, औषध आहे. बिनबियांचे कलिंगड तयार करतानाही ते वापरतात. त्यामुळे कंद-बियांना मागणी आहे आणि त्यापायी रानातले कंद खणले जातात. बी पेरून वेल फुलायला तीन-चार वर्षे लागतात. कंद नेला की वेल संपली.

तमिळनाडूत शेतकरी बियांसाठी तिची लागवड करतात. जमीन उत्तम निचऱ्याची हवी. पाणी साचल्यास कंद कुजतात. पावसाळ्याच्या सुरुवातीस सुमारे ५० ते ६० ग्रॅमचे कंद ६० × ४५ सें.मी. अंतरावर लावावेत व वेलीला आधार द्यावा. कंदाचा डोळा टोकाला असतो. पहिल्यांदा कंद काढताना मी घाई केली आणि बरीच टोके मोडली. ते कंद उगवलेच नाहीत. तेव्हा कंद हळुवार हाताळा. फळधारणा वाढावी म्हणून तिकडे सकाळी हाताने परागीकरण करतात. बोंडांचा रंग पालटू लागला की तोडणी करावी.

काम करताना हातमोजे घाला. कंद व बी मुलांपासून, गुरांपासून दूर, कुलपात ठेवा. खरेदीदार निश्चित झाल्याशिवाय लागवड करू नका. बेणे लागवड करणाऱ्या शेतकऱ्याकडूनच घ्या, रानातून आणू नका. रानातली वेल रानातच फुलू द्या.