आमदारांचे 'होय' आणि 'नाही'

विधानसभेत कायदा मंजूर होतो तो क्षण अगदी छोटा असतो. अध्यक्ष म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे. बाकांवरून 'होय' असा आवाज उठतो. मग प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे. तिकडूनही आवाज येतो, कधी येतही नाही. जो आवाज मोठा वाटला त्या बाजूने अध्यक्ष कौल देतात आणि विधेयक मंजूर होते. याला आवाजी मतदान म्हणतात. आपल्या विधानसभेचे सभासद २८८. पण त्यांतला कोण काय म्हणाला, हे अशा वेळी कागदावर उतरत नाही.

साध्यासुध्या दुरुस्त्या अशा झटपट मंजूर झाल्या तर माझी तक्रार नाही. प्रत्येक वेळी डोकी मोजत बसले तर अधिवेशन संपायचेच नाही. पण पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीने राज्यांकडे दिले आहेत. म्हणजे तुमच्याआमच्या अटकेशी, सभेशी, संघटनेशी संबंध येणारे कायदे केवळ दिल्लीत होत नाहीत, ते मुंबईत आणि नागपुरातही होतात. तिथे आपला आमदार कोणत्या बाजूला होता, हे कळायला नको का?

ताजे उदाहरण घ्या. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक प्रथम २०२४ साली सभागृहात आले. एखादी संघटना बेकायदेशीर ठरवण्याचा अधिकार सरकारला देणारे हे विधेयक. त्यातल्या व्याख्या फार ऐसपैस आहेत, उद्या कोणत्याही मोर्च्याला त्या लावता येतील, असा आक्षेप निघाला. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. तिच्याकडे १२ हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या, आणि समितीने मसुदा काहीसा आखडताही केला. लोकांनी पत्रे धाडली ती अगदीच वाया गेली नाहीत, हे नमूद केले पाहिजे. पुढे १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने ते आवाजी मतदानाने मंजूर केले. उघड विरोध नोंदवला तो मार्क्सवादी पक्षाच्या एकट्या आमदाराने, डहाणूच्या विनोद निकोले यांनी. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. विधेयक बरे की वाईट, यावर तुमचे मत माझ्याहून वेगळे असू शकेल. प्रश्न एवढाच की बाकीच्या आमदारांपैकी आपल्या तालुक्याचा प्रतिनिधी 'होय' म्हणाला, गप्प बसला, की सभागृहात नव्हताच, हे तुम्ही कोणत्या नोंदीतून शोधणार?

सरकारच्या खुर्चीचा प्रश्न आला की मोजणी कशी चोख होते पाहा. ४ जुलै २०२२ रोजी विश्वासदर्शक ठरावावर एकेका आमदाराची शिरगणती झाली: १६४ विरुद्ध ९९. म्हणजे मोजता येत नाही असे नाही. आवाजी कौल मान्य नसेल तर सभासदाला मतविभागणी मागता येते. ती मागितली का जात नाही, हे आपल्या आमदारांना विचारण्याजोगे आहे.

यात पक्षादेशाचाही भाग आहे. १९८५ साली घटनेत दहावी अनुसूची आली. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिले, किंवा मतदानाला गैरहजर राहिले, आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केले नाही, तर आमदारकीच जाऊ शकते. घाऊक पक्षांतरे थांबावीत हा हेतू होता. पण त्या दाव्याला सद्सद्विवेकाची गायही बांधली गेली, असे मला वाटते. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या निकालात म्हटले की ही तलवार सरकारच्या अस्तित्वाचा किंवा पक्षाच्या मुख्य धोरणाचा प्रश्न असेल तेव्हाच चालावी. व्यवहारात आमदार धोका कशाला पत्करील? तरीही भाषणाला बंदी नाही. सभागृहातील भाषणासाठी आमदारावर कोर्टात खटला भरता येत नाही, असे घटनेचे १९४ वे कलम सांगते.

बहुमत नेहमी स्वातंत्र्याच्या विरुद्धच जाते, असे मात्र समजू नका. जातपंचायती आणि गावकी माणसाला वाळीत टाकतात, ते रोखणारा कायदा १३ एप्रिल २०१६ रोजी आपल्या विधिमंडळाने एकमताने संमत केला. मुंबई राज्याचा १९४९ चा बहिष्कृतीविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयात १९६२ साली रद्द ठरला होता. त्यानंतर ही वाट पाहावी लागली. पण याच विधिमंडळाने आणीबाणीत, १९७६ साली, तीन अपत्ये असलेल्यांना नसबंदी सक्तीची करणारे विधेयकही मंजूर केले होते. विरोधी बाजूचे कित्येक पुढारी तेव्हा तुरुंगात होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही. तेव्हा 'होय' म्हणणारे हात कोणाचे, हे आज गावात कोण सांगू शकेल?

शिक्षकमित्रांनी एक करून पाहावे. वर्गात एखादा ठराव घ्या: मधल्या सुटीत कोणीही चौघांहून अधिक जमू नये. आधी आवाजी मत घ्या. मग तोच ठराव पुन्हा मांडा आणि फळ्यावर नावे लिहून प्रत्येकाचे मत विचारा. दोन्ही निकाल शेजारीशेजारी लिहून ठेवा, आणि मुलांना त्यावर बोलू द्या.