रेल्वेवेड्या पोरांना कुर्डुवाडी दाखवा

माझ्या भाच्यासारखं रेल्वेवेडं पोरगं तुमच्याही घरात असेल, तर एक रविवार काढाच. आमच्या सात रस्त्यावरून सोलापूर स्टेशन जवळच. तिथून रेल्वेनं कुर्डुवाडी गाठा.

१८९७ साली इथूनच बार्शीला छोटी गाडी सुरू झाली, पुढं पंढरपूरलाही जाऊ लागली. दोन रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर. आजच्या ब्रॉडगेजचं १६७६! निघण्याआधी घरच्या फरशीवर खडूनं दोन्ही मापं पोराला आखायला लावा.

आणि हो, आजीला सोबत न्याच. ती छोटी गाडी आता नाही. डबा किती हलायचा, कोळशाची कणी डोळ्यात कशी जायची, हे पोराला आजीच सांगणार. तिचे गुडघे चालतायत तोवर निघा!