ज्याची त्याची शिक्षणाची वाट

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गौरवप्रसंगी केलेले भाषण)



मी केवळ मॅट्रिक झालेला प्राथमिक शिक्षक. विद्यापीठीय शिक्षणासंबंधी मी बोलावे, हे धाडसच होय. परंतु एका बापाचा अनुभव म्हणून माझे निवेदन ऐकून घ्यावे.

माझ्या धाकट्या मुलाचा हात लहानपणापासून यंत्रांवर बसलेला. मी मात्र चार लोकांत मान मिळावा म्हणून त्यास अभियांत्रिकीच्या पदवीस धाडले. दुसऱ्या वर्षी गणितात अडून तो घरी परतला. उत्तीर्ण झालेले विषयही व्यर्थ गेले. पुढे आयटीआय करून तो मार्गी लागला; पण माझ्याशी मोकळेपणे बोलू लागण्यास त्याला फार वर्षे लागली. दोष त्याचा नव्हता. त्याची गती न पाहता वाट ठरविणाऱ्याचा होता.

आज ती स्थिती पालटत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार, विद्यापीठाने योजना स्वीकारली असल्यास, एक वर्ष शिकून थांबणाऱ्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी मिळू शकते. मिळविलेले श्रेयांक २०२१ मध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा राहतात. साधारणतः सात वर्षांच्या आत परतून पुढील शिक्षण घेता येते. कित्येक अभ्यासक्रमांत कारखान्यातील वा कार्यालयातील उमेदवारीसही श्रेयांक आहेत. ज्यास जशी गती, तशी त्याची वाट, हे तत्त्व आता नियमांत उतरले आहे.

परंतु वाटा वाढल्या म्हणजे वाटाड्याची गरजही वाढते. ज्या घरातून प्रथमच कोणी महाविद्यालयात जाते, तेथील मुलाने विषय निवडावे कोणाच्या सल्ल्याने? सोपे तेवढे वेचून घेतले, तर हाती श्रेयांक येतील, व्यवसाय येणार नाही.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. वर्षाचा खंड पडताच शिष्यवृत्ती बंद करण्याचा आपल्या मंडळाचा नियम जुन्या काळास धरून होता. तो कार्यकारिणीने बदलावा. परतणाऱ्या विद्यार्थ्यास तर ती अगत्याने द्यावी. दुसरे असे की, आपल्यांतील अभियंते, परिचारिका, हिशेबनीस यांनी महिन्यातून एक तास ज्ञातीतील मुलांसाठी राखून ठेवावा. प्रथम त्यांचे ऐकावे, मग सांगावे.

मी ऐकले नाही, म्हणून हे आज बोलतो.