कुम ते कोठला



अहिल्यानगरच्या या परिषदेचा विषय 'मध्ययुगीन जिबाल प्रांतातली शिया विद्या' असा ठरला आणि वर्गणीला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: इराणातल्या कुम, रय, काशानचं आपल्याला काय? मी शहरातल्या कोठल्याकडे बोट दाखवायचो. काशानला शिकवणारे शाह ताहिर इराणचा बादशहा शाह इस्माईल याची खप्पामर्जी झाल्यावर तिथून निसटले, १५२० मध्ये गोव्याला उतरले, परांड्याला राहिले आणि शेवटी इथे आले. त्यांच्याच प्रभावानं इथल्या बुऱ्हाण निजामशहानं १५३७ मध्ये शिया पंथ स्वीकारला. बारा इमाम कोठला त्यांच्या अध्यापनासाठी उभा राहिला. मोहरमची सवारी बघायला आपण सगळेच जातो. तिच्यामागची विद्या मात्र आपण कधी विचारली नाही.

ती विद्या भांडखोर होती, आणि मला ती त्यामुळेच आवडते. कुमला कूफ्याहून आलेल्या अशअरी अरबांचं वर्चस्व. नवव्या शतकात त्यांच्यातल्या अहमद इब्न मुहम्मद या प्रमुखानं पैगंबर-इमामांच्या वचनांचा, हदीसांचा संग्राहक अहमद बरकी याला शहराबाहेर काढलं. कारण काय, तर बरकी कच्च्या साक्षीदारांकडून हदीस घेतो! पुढे त्यानंच बरकीला परत बोलावलं, माफी मागितली आणि बरकीच्या अंत्ययात्रेत तो अनवाणी, उघड्या डोक्यानं चालला, असं सांगतात. एखाद्या वाक्याचा सांगणारा कोण, यावरून माणूस गावाबाहेर जातो, हे आमच्यासारख्या व्यापाऱ्यांनाही समजतं. हुंडीवरची सही आम्हीही अशीच पारखायचो.

कुमचेच शेख सदूक. जवळ धर्मशास्त्री नाही त्यानं काय करावं, यासाठी त्यांनी ग्रंथ लिहिला. नाव बेतलं ते रयच्या वैद्य राझीच्या, जवळ वैद्य नसलेल्यांसाठीच्या पुस्तकावरून. रयचा वजीर साहिब इब्न अब्बाद तर पुस्तकांपायी परदरबारची वजिरी नाकारणारा. नुसते धर्मग्रंथ हलवायलाच चारशे उंट लागतील म्हणे! (आमच्या वाचनालयाला एक टेम्पो पुरेल.) सोमनाथमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या महमूद गझनीनं १०२९ मध्ये रय घेतलं आणि तिथली पुस्तकं जाळली. तरी बाराव्या शतकात रयच्या बाजारात पहिले इमाम अली यांचे गुण गाणारे मनाकिबखान होतेच, आणि त्यांना उत्तर द्यायला सुन्नी गायकही.

तेव्हा दोन दिवस मोकळेपणानं भांडा. जेवण दीड वाजता, मागच्या मांडवात. चारला कोठल्याकडे निघायचं आहे. निबंधवाचकांनी पंधरा मिनिटांचं बंधन पाळावं. हद्दपारीचा अधिकार संमेलनाध्यक्षांकडे दिला आहे. परत बोलावण्याची जबाबदारी माझी.