बेटावरची शिकार
(माजी विद्यार्थी संमेलनातील भाषण)



नौदलात असताना तुम्ही शिकार केलीत का, असे मघाशी एका विद्यार्थ्याने विचारले. केली. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा होण्यापूर्वी माझी नेमणूक अंदमानात होती. कलकत्ता-मद्रासचे जहाज लांबले की ताजी भाजी संपे, डबाबंद मांसाचा वीट येई; मग आम्ही बंदुका घेऊन चितळांच्या मागे निघत असू.

चितळ मूळचे तिथले नव्हे. इंग्रजांनी ते मुख्य भूमीवरून नेऊन सोडले. तिथे वाघ नाही, आणि हा प्राणी पोहण्यात पटाईत. खाड्या ओलांडून तो एकेक बेट व्यापत गेला. कोवळी रोपे तो खाऊन टाकतो, त्यामुळे जंगलाची पुढची पिढी वर येत नाही. शिकारीला हे समर्थन आम्हांला फार सोयीचे वाटे! पुढे 1976 साली नारकोंडमवर पोलीस चौकीसाठी शेळ्या नेल्या. जगात अन्यत्र न आढळणाऱ्या तिथल्या धनेशाच्या जंगलाची तीच गत होऊ लागली.

एका पहाटे मी एक मादी टिपली. जवळ गेलो, तो झुडपाआड पाडस उभे. ते पळाले नाही. माझ्यासोबतचा नाविक रत्नागिरीकडचा. तो हलकेच म्हणाला, ''साहेब, आता ह्याचं काय?''

मला उत्तर सुचले नाही. त्या रात्री तळावर सर्वांनी पोटभर मांस खाल्ले. मी नुसता भात कालवीत बसलो. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे पुन्हा तिथे गेलो, पाडस नव्हते.